गिझर बोलायला लागला तर



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, चहा आला आणि एका ताईंनी विचारलं, "आमचा गिझर लई आवाज करतो, लाह्या फुटल्यासारखा. असू दे की बदलू?" बघता बघता पाच-सहा जणी बोलायला लागल्या. कुणाचा खडखडतो, कुणाचा शिट्टी मारतो. पण माणूस बोलावून दाखवलं होतं फक्त एकीनं. म्हणून आज याच विषयावर बोलते. आधी माझी चूक सांगते.

आमच्या घरी बोअरचं पाणी आणि पंधरा लिटरचा गिझर. धुळ्याकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीतच आहे, पहाटे पाण्यात हात घालवत नाही. त्या वर्षी गिझर खडखडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "हाऊ गिझर बोलस वं माय!" आम्ही हसलो. घरचे म्हणाले, "जुना झालाय, आवाज करणारच." मीही दोन महिने तसंच रेटलं. एके दिवशी सकाळी गरम पाण्याचा नळ उघडला तर पाणी नाही, फसफसत वाफच बाहेर आली. हात भाजला. मुलीला अंघोळीला बसवायच्या आधी मी नळ उघडला होता, म्हणून ती वाचली. आजही तो नळ उघडताना मी आधी एका बाजूला सरकते.

आता आवाज का येतो ते बघू. जुन्या तांब्याच्या बंबात मधोमध नळी असायची, तिच्यात निखारे आणि भोवती पाणी. पाणी खदखदलं तरी वाफ वरून निघून जायची, कारण बंब बंद नसायचा. गिझरची टाकी मात्र चहूबाजूंनी बंद असते. पाणी तापलं की थोडं फुगतं. पंधरा लिटर गार पाणी चांगलं गरम झालं, तर साधारण एक पेलाभर वाढतं. आणि पाण्याची वाफ झाली, तर तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. ही जागा बंद टाकीत कुठून मिळणार? म्हणून गिझरला तीन राखणदार दिलेले असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या गरमीला वीज तोडतो. तो बिघडला तर कटआउट तोडतो. आणि दाब वाढलाच तर सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो.

खडखड येते ती क्षारांमुळे. आपल्याकडे कितीतरी गावांत बोअरचं पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागते, पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो. तोच थर गिझरच्या कॉइलवरही बसतो. पाणी जितकं जास्त तापेल, तितका थर लवकर धरतो. मग थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचे बुडबुडे होतात आणि फुटतात. लाह्यांचा आवाज तो हाच. थरामुळे कॉइलची गरमी पाण्यात नीट जात नाही, म्हणून ती स्वतःच जास्त तापते आणि लवकर जळते.

सगळेच आवाज सारखे नसतात. मी त्यांचे तीन वाटे केलेत.

पहिला वाटा, घाबरायचं नाही असा. गिझर चालू-बंद होताना एखाद-दुसरी 'टक्' येते, कारण पत्रा तापून फुगतो आणि गार होऊन आकसतो. तापायला लागल्यावर बारीक 'सूं' येते. नळ झटकन बंद केल्यावर भिंतीतला पाइप 'धाड' करतो, तो दोष गिझरचा नाही. नळ हळू बंद करा आणि पाइपची क्लिप सैल असेल तर पक्की करून घ्या. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडले, तर तेही चालतं. पण ते गळतं म्हणून त्याला बूच मारू नका, चिंधी बांधू नका. आपण ती वाफेची वाटच बुजवतो.

दुसरा वाटा, आठवड्याच्या आत माणूस बोलवायचा असा. लाह्या फुटल्यासारखी किंवा खडे हलल्यासारखी खडखड. व्हॉल्व्हमधून थेंबांऐवजी सारखी धार. गरम पाण्याला तांबूस रंग. वेळही बघत जा. पंधरा लिटरचा, दोन हजार वॉटचा गिझर थंडीत साधारण वीस-पंचवीस मिनिटांत तापतो. तुमच्या गिझरची वेळ एकदम बदलली, तर आत काहीतरी बदललंय असं समजा. मेकॅनिक येईपर्यंत बटण मधल्या खुणेवर ठेवा. पाणी तापलं की आधी बंद करा आणि मगच वापरा. गिझर स्वतः उघडू नका. आत वीज आणि पाणी शेजारी-शेजारी असतात, आपल्या कुकरची शिट्टी साफ करण्याइतकं ते सोपं नाही. जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा तरी टाकी उघडून साफ करून घ्या. पाणी फारच जड असेल तर दोनदा. दिवाळीची साफसफाई निघते तेव्हाच हे काम काढलं तर लक्षात राहतं.

तिसरा वाटा, त्याच मिनिटाला बंद करायचा असा. नळातून वाफ येणं. आतून सारखं खदखदणं किंवा शिट्टी वाजत राहणं. पाणी कढत झालं तरी दिवा न विझणं. जळका वास. नळाला हात लावताच मुंग्या येणं. यातलं एकही दिसलं तर न्हाणीतून बाहेर या, पोरांना बाहेर काढा आणि कोरड्या हातांनी मेन स्विच पाडा. नळ परत उघडून बघू नका, गार पाण्याचा कॉक फिरवू नका, टाकीवर पाणी ओतू नका. तो आपोआप गार होऊ द्या. माणूस येऊन बघेपर्यंत पुन्हा चालू करायचा नाही, पाहुणे आले तरी नाही.

हात-पाय भाजला तर वीस मिनिटं साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठे असतील, चेहरा भाजला असेल किंवा लहान मूल असेल, तर थेट दवाखाना. गाडीसाठी १०८.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. नळाला रोज पाणी येत नाही, वरची टाकी कधी रिकामी होते ते कळत नाही आणि गिझर कोरडाच तापतो. म्हणून बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून धार येते का बघा. लाइट गेली तर बटण बंद करा, नाहीतर रात्री लाइट आल्यावर गिझर तापतच राहतो.

गॅसचा गिझर असेल तर आवाजाकडे जास्तच लक्ष द्या. पेटताना 'भक्' झालं किंवा ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर गॅस नीट जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार लावलेल्या न्हाणीत आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस बेशुद्ध पडतो आणि जीवही जातो. गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. आत निखाऱ्यांचा बंब किंवा शेगडी ठेवून दार लावलं तरी हाच धोका आहे. गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

आता माझ्या गिझरचं पुढचं ऐका. मेकॅनिकनं टाकी उघडली तर आतून ताटलीभर पांढरे खडे निघाले. थर्मोस्टॅट चिकटला होता. आणि कटआउट? तो आधीच कुणीतरी 'डायरेक्ट' करून ठेवला होता. सारखा बंद पडतो म्हणून एका फिरत्या कारागिराला बोलावलं होतं. त्यानं दहा मिनिटांत काम केलं, पैसे कमी घेतले आणि आम्ही खूश झालो. त्यानं राखणदारच काढून नेला होता! तेव्हापासून "ताई, डायरेक्ट करून देतो" असं कुणी म्हटलं की मी सरळ नाही म्हणते. कटआउट सारखा पडत असेल तर त्याचं कारण शोधायचं. पार्ट नवा टाकताना आयएसआयचा शिक्का बघायचा. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं आणि गिझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवायचं. करंट गळायला लागला की ते लगेच वीज तोडतं.

खर्चाची गोष्टही लपवत नाही. वेळेवर साफसफाईला जेवढे लागले असते, त्याच्या तिप्पट आम्ही भरले. दवाखाना वेगळा.

पण पैशापेक्षा एक गोष्ट मला जास्त टोचते. ते दोन महिने मी आवाज ऐकत होते, तरी मेकॅनिकला फोन केला नाही. घरचे म्हणतील तेव्हा करू, असं धरून बसले. घरात पहाटे पहिली कोण उठतं? आपण. पाणी कोण तापवतं? आपण. मग बदललेला आवाज आपल्याच कानाला आधी कळणार. तेव्हा फोनही आपणच करायचा. ज्या हातानं गटाचं कर्ज फेडतो, त्याच हातानं मेकॅनिकचा नंबर लावायला काय हरकत आहे?

येत्या बैठकीत एवढं करा. चांगल्या मेकॅनिकचा आणि वायरमनचा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. कुणाकुणाचा गिझर आवाज करतो ते विचारा. चार-पाच घरं निघाली तर मेकॅनिकला एकाच दिवशी बोलवा, येण्या-जाण्याचा खर्च वाटून घ्या. हातात पैसे नसतील तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि उद्या पहाटे बटण दाबलं की लगेच चुलीकडे वळू नका. मिनिटभर तिथंच थांबा आणि तुमचा गिझर काय बोलतो ते ऐका.

राम राम!