मागे राहिलेले – भाग ५ : अर्धा कोयता

मागच्या आठवड्यात पारनेरच्या मुंबईकरांबद्दल लिहिलं. बाप्या मुंबईत, बायको-पोरं गावाला. मनाला लागलेली टोचणी महिन्याच्या मनिऑर्डरीने थोडी बोथट व्हायची. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोडीत हिशेबच निराळा.

इथे मजूर माणसांवर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गेला तर तो अर्धा कोयता, आणि मुकादमाकडून उचलही निम्मीच. ही उचल हंगामाआधी हातात पडते आणि दवाखाना, लग्न, जुनी उधारी यांत तिथल्या तिथे जिरते. फेडायची ती फडात, दोघांनी मिळून दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण जोडीचा हिशेब काही बदलला नाही. म्हणजे आईने घरी राहायचं हा पर्याय उचल घेतली त्याच दिवशी संपतो. ‘पोरं मागे टाकून जातात तरी कशा’ असं नगरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. विचारणाऱ्याला उचलीचा हिशेब ठाऊक नसतो. आणि हे त्याच नगर जिल्ह्यात, जिथे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला!

अपराधीपणा हा शब्द इथे कुणाच्या तोंडी नाही. ‘फडात जीव लागत नाही’ एवढंच बायका म्हणतात.

पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर निघायच्या तयारीतली ट्रॉली मी पाहिली. बाजरीचं पोतं, सरपण, भांडी, पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या. धाकटा आजीच्या गोधडीत झोपलेला. त्याची आई सासूच्या हातावर दहाच्या नोटा मोजत होती. दर बाजाराला एक, बिस्किटपुड्यासाठी. वीस झाल्या तशी ती थांबली, बोटांवर पाडव्यापर्यंतचे बाजार मोजले आणि कमरेच्या पिशवीतून आणखी दोन नोटा काढल्या.

मुलांसाठी सोयी नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं, पण निजायला पोरं आजीकडेच. २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, तिच्या पहिल्या टप्प्यात बीड, जालन्याबरोबर नगर होतं. तरी थोरली मुलगी पुष्कळदा ट्रॉलीत बसतेच. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी कोण थापणार, तान्हं कोण धरणार? ती वयात आली की तिला मागे ठेवायची भीती वेगळीच, आणि त्या भीतीपोटी लवकर लग्न उरकलं जातं. नव्या जोडीचा आणखी एक कोयता होतो.

त्या ट्रॉलीतही साताठ वर्षांची एक मुलगी होती, मांडीवर शाळेचं दप्तर घेऊन बसलेली. दप्तर कशाला, असं मी विचारलं नाही. बावीस नोटा आजीने लुगड्याच्या गाठीला बांधल्या. पुढच्या आठवड्यात त्या आजीकडे जाऊ.