लाईट गेल्यावर दाराने काय करावे?

कळमनुरी तालुक्यात हळदीला, उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याकडे मोटरचा स्टार्टर असतोच. हिरवे बटन दाबले की मोटर चालू, लाल दाबले की बंद. बाहेरून ही बटने जुळी दिसतात, आतून मात्र उलटी असतात. हिरव्या बटनाची टोके एरवी सुटलेली असतात आणि दाबल्यावर जुळतात. लाल बटनाची टोके एरवी जुळलेली असतात आणि दाबल्यावर सुटतात. कारण साधे आहे. उंदराने हिरव्या बटनाची वायर कुरतडली, तर मोटर चालू होणार नाही, एवढेच. लाल बटनही तसेच जोडलेले असते, तर वायर तुटल्यावर चालू मोटर त्या बटनाने थांबवताच आली नसती. ते उलटे जोडल्यामुळे वायर तुटताच मोटर आपोआप थांबते.

बिघाड होणारच, तो कोणत्या बाजूला व्हावा, हे आधी ठरवायचे. कार्ड दाखवले किंवा बोट टेकवले की उघडणाऱ्या दारांचे सारे वायरिंग याच एका तत्त्वावर उभे आहे. बँकेची सर्व्हर रूम, दवाखान्यातील औषधसाठा, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका अशा जागी ही दारे आता तालुक्याच्या गावांतही दिसतात.

कान आणि हात

या यंत्रणेच्या मध्यभागी कंट्रोलर नावाची छोटी पेटी असते. तिला बाहेरची खबर देणाऱ्या वायरी म्हणजे इनपुट आणि तिचा हुकूम बाहेर नेणाऱ्या वायरी म्हणजे आउटपुट.

पहिली खबर कार्ड रीडरची. कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून मिळालेल्या विजेवर आतली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक कंट्रोलरपर्यंत नेण्याची जुनी आणि आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे वीगंड. तिच्यात माहितीसाठी दोन वायरी असतात. एकीवर स्पंद आला तर शून्य, दुसरीवर आला तर एक. असे २६ अंक गेले की कार्डाची ओळख पटते. त्यांतले दोन अंक केवळ पडताळणीसाठी असतात. पण हा संवाद उघड्यावर चालतो. मध्येच वायरीला कान लावणाऱ्याला क्रमांक ऐकू येतो. म्हणून नव्या यंत्रणांत ओएसडीपी ही सांकेतिक भाषेत बोलू शकणारी पद्धत येत आहे.

दुसरी खबर दाराची. चौकटीवर काचेच्या नळीत दोन लवचीक धातूच्या पट्ट्या असतात आणि दाराच्या फळीवर चुंबक. दार बंद असले की चुंबकामुळे पट्ट्या चिकटतात, उघडले की सुटतात. हा रीड स्विच १९३६ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी शोधला. इथेही लाल बटनाचाच न्याय लागू होतो: दार बंद म्हणजे मंडल जुळलेले. वायर कापली तर कंट्रोलरला दार उघडल्यासारखे वाटते आणि भोंगा वाजतो.

पण चोराने वायर न कापता दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या तर? मग दार सताड उघडे असले तरी कंट्रोलर ते बंदच समजेल. यावरचा उपाय काही रुपयांचा आहे. दाराजवळच्या टोकाला हजार ओहमचे दोन रोधक बसवायचे, एक स्विचच्या मालिकेत आणि एक स्विचला समांतर. आता दार बंद असताना कंट्रोलरला १००० ओहम दिसतात, उघडे असताना २०००. वायर कापली तर रोध अनंत, वायरी जोडल्या तर जवळपास शून्य. दोन वायरींवरून दोनऐवजी चार बातम्या मिळतात. यासाठी कंट्रोलर रोध मोजणारा हवा आणि रोधक दाराकडेच हवेत. सोयीसाठी ते कंट्रोलरच्या पेटीत बसवले, तर वायरीवर पहारा राहतच नाही.

अशा इनपुटवर मोठ्या गोष्टी अवलंबून असतात. कळमनुरीच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, लेझरच्या मदतीने गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. डोळ्यांना इजा करू शकणारे शक्तिशाली लेझर जिथे असतात, त्या प्रयोगशाळांत दाराचा स्विच लेझरच्या नियंत्रणाला जोडण्याची रीत आहे. नको तेव्हा दार उघडले की किरण बंद.

कॉमन, एनओ, एनसी

आउटपुटच्या बाजूला रिले, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर चालणारा स्विच असतो. त्याला तीन टोके: कॉमन, एनओ (एरवी सुटलेले) आणि एनसी (एरवी जुळलेले). रिले निवांत असताना कॉमन एनसीला जुळलेले असते. कंट्रोलरने हुकूम दिला की ते एनओकडे जाते. कुलूप कोणत्या टोकाला जोडायचे, हे कुलपाच्या जातीवर ठरते.

चुंबकी कुलपाला दार धरून ठेवायला सतत वीज लागते. ते एनसीवर जोडतात: कार्ड चालले की रिले वीज तोडतो आणि दार सुटते. लाईट गेली, बॅटरीही संपली, तरी दार सुटते. दुसऱ्या जातीच्या कुलपाला, म्हणजे सामान्य इलेक्ट्रिक स्ट्राइकला, वीज उघडण्यापुरतीच लागते. ते एनओवर जाते आणि वीज नसताना बाहेरून बंदच राहते.

कुलपातली गुंडाळी आणखी एक खोडी करते. वीज अचानक तोडली की तिच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा उलट्या दिशेच्या मोठ्या व्होल्टेजच्या रूपाने उसळते. त्या ठिणगीने रिलेची टोके जळतात, कधी चिकटूनही बसतात. कुलपाजवळ उलटा जोडलेला एक डायोड त्या उसळीला वाट करून देतो.

वायरची जाडीही दुर्लक्षून चालत नाही. १२ व्होल्टचे चुंबकी कुलूप अर्धा अँपिअर घेते असे धरू. म्हणजे त्याचा रोध २४ ओहम. ते ३० मीटर लांब आहे आणि वायरमनने नेटवर्क केबलची एक बारीक जोडी वापरली, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याचा रोध सुमारे ५ ओहम भरतो. कुलपापर्यंत १० व्होल्टही पोचत नाहीत. चुंबकाची पकड ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती दोनतृतीयांशांवर येते. कार्ड चालते, दिवा हिरवा होतो, सारे ठीक दिसते; मात्र जोराचा हिसका दिला की दार उघडते.

आत अडकलेला माणूस

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ जण मेले. जिन्याकडे जाणारे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरू नये म्हणून दारे बंद ठेवण्याची तिथे पद्धत होती. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ सांगते की बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. कार्डाच्या दारालाही तोच न्याय हवा.

म्हणून चांगला वीजतंत्री चुंबकी कुलपाचा पुरवठा ओळीने नेतो: आधी कंट्रोलरचा रिले, मग आतले बाहेर पडण्याचे बटन, मग आपत्कालीन हिरवी पेटी, मग आगीच्या अलार्मचा रिले, शेवटी कुलूप. सगळी टोके एरवी जुळलेली. यांतले कोणतेही एक सुटले की दार मोकळे. बटन फक्त कंट्रोलरच्या इनपुटला जोडले, तर प्रोग्राम अडकलेल्या दिवशी माणूसही अडकतो.

स्वस्त यंत्रात रीडर आणि रिले एकाच डब्यात, दाराबाहेर असतात. असा डबा उघडणाऱ्याला कार्डाची गरज उरत नाही, कारण कुलपाच्या वायरी हाताशीच असतात. रिले आतल्या खोलीतच हवा.

भारनियमन नित्याचे असलेल्या भागात बॅटरीचाही हिशेब करावा. अर्धा अँपिअर कुलपाचे आणि सुमारे पाव अँपिअर रीडर-कंट्रोलरचे धरले, तर ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर नऊ-दहा तास चालते. जुनी झाली की त्याहून बरीच कमी.

बॅटरीही संपल्यावर दाराने काय करावे, हा प्रश्न वायरमनचा नाही, मालकाचा आहे. अभ्यासिकेचे दार सुटलेच पाहिजे, कारण आत मुले बसलेली असतात. औषधसाठ्याचे दार बाहेरून बंद राहिले तरी आतल्या माणसाला मुठीने उघडता यायला हवे. काम ताब्यात घेताना मेन स्विच पाडा, बॅटरी काढा, दाराच्या स्विचची एक वायर सोडा, हिरवी पेटी दाबा आणि प्रत्येक वेळी दार काय करते ते स्वतः पाहा. ठरवल्याप्रमाणे वागले नाही, तर वायरिंग दुरुस्त करून घेतल्याशिवाय बिल देऊ नका.