चाँदनी चौक : पादचाऱ्यांची पेठ

दिल्लीचा लाल किल्ला आणि फतेहपुरी मशीद यांना जोडणारा मार्ग म्हणजे चाँदनी चौक. शहाजहानची कन्या जहाँआरा हिने इ. स. १६५० च्या सुमारास ही पेठ वसविली. मार्गाच्या मधून कालवा वाहत असे आणि दुतर्फा दुकाने होती. मधल्या चौकातील हौदात चंद्रबिंब उमटे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

पेठेच्या तोंडाशीच दिगंबर जैन लाल मंदिर आहे. त्याच्या आवारातील रुग्णालयात जखमी पक्ष्यांवर उपचार होतात. पुढे दरीबा कलाँमध्ये सोने-चांदी, किनारी बाजारात जरी-गोटा, कटरा नीलमध्ये कापड अशी प्रत्येक मालाची स्वतंत्र गल्ली आहे. किनारी बाजारालगतच्या नौघरा गल्लीत जैन जवाहिऱ्यांची जुनी घरे व श्वेतांबर मंदिर आहे. दुकान, घर आणि देवदर्शन ही तिन्ही पायी गाठता येतील, अशीच या वस्तीची रचना होती.

इंग्रजी अमलात कालवा बुजला. १९०८ मध्ये ट्राम सुरू झाली आणि १९६३ मध्ये बंद पडली. त्यानंतर मोटारी, दुचाक्या, सायकलरिक्षा व हातगाड्या यांनी रस्ता इतका व्यापला की, गिऱ्हाइकाला दुकानासमोर क्षणभर थांबणेही कठीण झाले.

सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे १.३ किलोमीटरच्या नूतनीकृत मार्गाचे लोकार्पण झाले. सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत तेथे मोटार-वाहनांना बंदी आहे. सायकलरिक्षांना मुभा आहे. व्यापाऱ्यांपुढे मात्र खरा प्रश्न उभा राहिला. किरकोळ विक्रेत्याला निवांत फिरणारे गिऱ्हाईक हवे असते, तर घाऊक व्यापाऱ्याला दारात टेम्पो हवा असतो. मालाची चढ-उतार रात्रीवर गेली की हमालीचे वेळापत्रक बदलते. गाडीतून येणारे जुने गिऱ्हाईक दुरावेल, ही धास्तीही असते.

या अडचणी खऱ्या आहेत; पण त्यांवरचा उपाय बंदी मोडण्यात नाही. बंदीच्या वेळेत आपल्याच दुकानाची दुचाकी आत आणणारा व्यापारी शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकाची वाट अडवितो आणि उद्या शेजारी त्याची अडवितो. वाहनतळ, रात्रीच्या चढ-उतारीची शिस्त आणि पदपथ मोकळा ठेवण्याचा संयम या तीन गोष्टी व्यापारी संघटनांनी एकत्र बसून ठरविल्या, तर घाऊक आणि किरकोळ, दोन्ही व्यापार एकाच पेठेत नांदू शकतील. पावणेचारशे वर्षांपूर्वी हा मार्ग चालणाऱ्यांसाठीच आखला गेला होता, याचे भान त्यासाठी पुरेसे आहे.