वाढीव हमी घ्यावी का? एका बॅटरीचे गणित

शोरूममध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरची किंमत ठरते, नोंदणीचे आणि विम्याचे कागद होतात, आणि सगळे संपले असे वाटत असतानाच विक्रेता आणखी एक कागद पुढे सरकवतो. "सर, कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची आहे. वर आठ हजार भरलेत तर ती आठ वर्षांची होईल. बॅटरी गेली तर साठ-पासष्ट हजारांचा फटका बसतो, बघा." पेट्रोलच्या गाडीच्या वेळी हा प्रश्न इतका टोचत नाही. तिथे क्लच, चेन, स्पार्क प्लग असे भाग एकेक करून बिघडतात आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक ते बदलून देतो. इथे मात्र गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा एकाच बंद पेटीत असतो. शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाला दोन उत्तरे ऐकू येतात: "घेऊन टाका, डोक्याला ताप नको" आणि "सगळी लूट आहे". दोन्ही उत्तरे कागद-पेन्सिल हाती न घेता दिलेली असतात. आपण ती घेऊ या.

आधी बॅटरी कशाने 'जाते' ते पाहू. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन दोन अग्रांमध्ये ये-जा करतात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या अग्रात शिरतात, गाडी चालताना परत फिरतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो संरक्षक असतो, पण वाढताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. मधल्या सुट्टीत वर्गातून मैदानावर गेलेल्या मुलांपैकी दोन-चार दर वेळी दारातच रेंगाळावीत, तसा हा प्रकार. जितके लिथियम अडकले तितकी धारणशक्ती कमी. सुरुवातीला ही घट जरा वेगाने होते, मग मंदावते.

या म्हातारपणाला दोन घड्याळे आहेत. एक किलोमीटरचे, म्हणजे किती वेळा बॅटरी भरली आणि रिकामी झाली त्याचे. दुसरे कॅलेंडरचे. गाडी नुसती उभी असली तरी हे दुसरे घड्याळ चालूच राहते, आणि उन्हात ते पळते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम आपण अकरावी-बारावीत शिकवतोच. बॅटरी पूर्ण भरून चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दिवसभर उभी ठेवणे म्हणजे या घड्याळाला किल्ली देणेच.

अमेरिकेत याचा मोठा धडा मिळाला. २०१२ साली ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स भागातील निसान लीफ मोटारींच्या मालकांच्या लक्षात आले की आपल्या गाड्यांची धारणशक्ती अपेक्षेपेक्षा फारच लवकर उतरते आहे. त्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था नव्हती आणि तिथला उन्हाळा वाळवंटी. मूळ हमीत दोषाची भरपाई होती, हळूहळू होणाऱ्या घटीची नव्हती. ओरड झाल्यावर कंपनीने घटीचीही हमी जाहीर केली: पाच वर्षे किंवा ६०,००० मैल यांच्या आत, धारणशक्ती दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी नऊपेक्षा कमी उरल्या तर दुरुस्ती. 'दोष' आणि 'झीज' हे हमीच्या भाषेत दोन वेगळे प्राणी आहेत, हे त्या वेळी पुष्कळांना कळले.

झीज सगळ्यांच्याच बॅटरीला गाठते. दोष मात्र थोड्यांच्या वाट्याला येतो. साधारण ५१-५२ व्होल्टच्या बॅटरीत घटांचे चौदा गट एकापाठोपाठ एक, एकसर जोडणीत असतात. त्यातला एक गट अशक्त झाला की सगळी पेटी त्याच्या चालीने चालते. समजा, ठरावीक काळात एका गटात बिघाड होण्याची संभाव्यता हजारात एक आहे. तर चौदाही गट धड राहण्याची संभाव्यता ०.९९९ चा चौदावा घात, म्हणजे सुमारे ०.९८६. हजारात एक असलेला धोका पेटीच्या पातळीवर हजारात चौदा झाला. यात बॅटरीवर देखरेख करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, जोडण्या आणि आत शिरणारे पाणी धरलेलेच नाही.

असे दोष बहुधा लवकर उघडे पडतात. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख आंघोळीच्या टबासारखा असतो असे अभियंते सांगतात: सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी झिजेमुळे पुन्हा उंच. कंपनीची मूळ हमी डावीकडचा उतार सांभाळते. वाढीव हमी म्हणून विकला जातो तो बहुतेक टबाचा तळ. आणि उजवीकडचा चढ सुरू होण्याआधी हमी संपत नाही ना, हे खरे तपासायचे असते.

संपूर्ण उत्पादनातच दोष निघाला तर गोष्ट वेगळी. २०२१ साली जनरल मोटर्सने शेव्हरोले बोल्टच्या सुमारे १,४०,००० गाड्या परत बोलावल्या. एकाच घटात दोन दुर्मीळ दोष एकत्र आले तर आग लागू शकते, असे आढळले होते. तिथे बॅटरीचे भाग फुकट बदलून मिळाले, वाढीव हमी घेतलेली असो वा नसो. आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.

आता किलोमीटर. भारतात हमी 'इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी लिहिलेली असते. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीला २०२० साली आठ वर्षे किंवा १,६०,००० किमी अशी बॅटरीची हमी होती. ओला इलेक्ट्रिकने २०२४ साली आपल्या स्कूटरसाठी आठ वर्षे किंवा ८०,००० किमी जाहीर केली. जाहिरातीत 'आठ वर्षे' मोठ्या अक्षरात असतात. पण एखादे शिक्षक शाळेला जाऊन-येऊन रोज २५ किमी, वर्षाला २८० दिवस गाडी चालवतात असे धरा. वर्षाचे ७,००० किमी, आठ वर्षांचे ५६,०००. यांना आठ वर्षे खरोखरच आठ मिळतात. घरोघरी पार्सल पोचवणारा तरुण रोज १०० किमी, वर्षाला ३०० दिवस चालवतो. त्याचे ८०,००० किमी दोन वर्षे आठ महिन्यांत पुरे होतात. मूळ हमी ४०,००० किमीची असेल तर तीही सोळा महिन्यांतच संपते. म्हणजे तोच कागद, तेच पैसे. शिक्षकांना पाच वर्षे जास्त मिळाली, त्याला फक्त सोळा महिने. बॅटरी एका चार्जमध्ये १०० किमी देत असेल तर शिक्षकांची आठ वर्षांत ५६० पूर्ण आवर्तने होतील, त्या तरुणाची तीन वर्षांच्या आत ८००. त्याची बॅटरी टबाच्या उजव्या काठाकडे सरकू लागते तेव्हा हमी संपलेली असते.

पैशांचा हिशेब आता सोपा आहे. आठ हजार आज भरायचे. बिघाड झालाच तर समजा सहाव्या वर्षी. सात टक्के व्याजाने आठ हजारांचे सहा वर्षांत सुमारे बारा हजार होतात. दुरुस्ती ६४,००० ची धरली तर १२ भागिले ६४, म्हणजे शंभर गाड्यांपैकी सुमारे १९ गाड्यांत हमीत बसणारा बिघाड झाला, तरच सरासरीने पैसे वसूल. 'हमीत बसणारा' हे शब्द महत्त्वाचे. पुराच्या पाण्यात बुडालेली, पडून आपटलेली, परक्या चार्जरने भरलेली, वेळेवर सर्व्हिसिंग न झालेली बॅटरी बहुधा त्यात बसत नाही (पुराचे काम विम्याचे). झिजेची अट ७० टक्क्यांची असेल तर ७१ टक्क्यांवर आलेल्या बॅटरीला काहीच मिळत नाही. शिवाय पुष्कळदा पूर्ण पेटी जात नाही, एखादे सर्किट जाते, आणि मग ६४,००० हा आकडाच मोठा ठरतो. बॅटरीच्या किमतीही घसरत आल्या आहेत: ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०१० साली एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेली सरासरी किंमत २०२४ साली ११५ डॉलरवर आली. सुट्या भागांच्या दुकानात ही घसरण तितक्या तत्परतेने पोचत नाही, हे खरे.

कंपनीकडे हजारो गाड्यांच्या नोंदी असतात, आपल्याकडे एकीच्याही नाहीत. तेव्हा हमीची किंमत सरासरी नुकसानापेक्षा जास्तच असणार. नाही तर ती विकली गेली नसती. मग घ्यायचीच नाही का? याचे उत्तर डॅनियल बर्नुलीने १७३८ साली देऊन ठेवले आहे. तोच हा, द्रवगतिकीतल्या तत्त्वाचा बर्नुली. त्याचे म्हणणे असे की रुपयाचे मोल सर्वांना सारखे नसते. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला तेवढाच तोटा जास्त जड जातो. म्हणून सरासरीने तोट्याचा असलेला विमाही शहाणपणाचा ठरू शकतो.

आमचे मत विचाराल तर, ६४,००० चा खर्च कष्टाने का होईना पेलू शकणाऱ्या, रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षकांनी आठ हजार आवर्ती ठेवीसारखे बाजूला टाकावेत. गाव फार तापणारे असेल, हमीत झिजेची अट स्पष्ट लिहिलेली असेल आणि किंमत याहून बरीच कमी असेल, तर मात्र घ्यायला हरकत नाही. पार्सलवाल्या तरुणाला सोळाच महिने मिळतात, तरीही त्याने जास्त किलोमीटरची हमी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. बॅटरी बंद पडली की त्याची दुरुस्तीही अडते आणि रोजची कमाईही. दोघांनीही एक पाहावे: हमी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की मधल्याच कुणाची, आणि ती कंपनी आठ वर्षे टिकेल का. बंद पडलेल्या कंपनीच्या हमीपत्राला रद्दीचा भाव येतो.

हमी घ्या अथवा न घ्या, एक नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवा. नववी-दहावीच्या मुलांना प्रकल्प म्हणूनही ती चालेल. चार्जरच्या मागे एक साधा युनिट मोजणारा मीटर लावायचा. बॅटरी २० टक्क्यांवर आली की १०० टक्क्यांपर्यंत भरायची आणि किती युनिटे गेली ते लिहायचे. चार्जरमध्ये काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, पण ती दर वेळी जवळपास सारखीच असल्याने तुलनेला बाधा येत नाही. दर वर्षी त्याच महिन्यात, सकाळच्या थंड वेळी हे पुन्हा करायचे. पहिल्या वर्षी ३ युनिटे लागली आणि पाचव्या वर्षी २.१ लागली, तर बॅटरी सुमारे ७० टक्क्यांवर आली आहे. सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर दुसराच आकडा दिसला, तर पुढे ठेवायला तुमच्याजवळ वही असेल.