कागदाची गुंडाळी पावसाळ्यात का बिघडते?

दमट हवेचा जुन्या कागदावर काय परिणाम होतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. आज गुंडाळून ठेवलेल्या कागदाबद्दल. उदाहरणं दोन: शंभर वर्षांपूर्वीचा आपोआप वाजणारा पियानो, आणि मढसारख्या गावात ट्रंकेत पडून असलेली पणजोबांची जन्मपत्रिका.

या पियानोत सूर कागदावरच्या भोकांमध्ये असतात. पायाने भाता चालवला की हवा ओढली जाते. कागद एका पट्टीवरून सरकतो. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की हवा आत शिरते आणि तो सूर वाजतो. १९०८ साली अमेरिकेत बफेलो इथे कंपन्यांनी माप ठरवलं: रुंदी सव्वाअकरा इंच, एका इंचात नऊ भोकं. म्हणजे दोन भोकांमधलं अंतर जेमतेम २.८ मिलिमीटर.

आता कागदाचा स्वभाव बघा. कागद म्हणजे वनस्पतींचे तंतू. तंतू ओलावा प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. यंत्रावरच्या कागदात बहुतेक तंतू गुंडाळीच्या लांबीला धरून असतात, त्यामुळे कागद वाढतो तो रुंदीत. २८६ मिलिमीटरचा कागद अर्धा टक्का फुगला, तरी जवळजवळ दीड मिलिमीटर वाढला! भोकं जागा सोडतात, सूर चुकतात, आणि कडा रिळाच्या चकत्यांना घासून चिरतात.

मढ माळशेजच्या बाजूला. पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन नाही, भिंतींनाही ओल. पण इथली जुनी गुंडाळी बहुधा हातकागदाची. जुन्नर तर एके काळी हातकागदासाठीच प्रसिद्ध होतं. हातकागदात तंतू बरेचसे सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, म्हणून तो एकाच बाजूला फुगत नाही. मग धोका कुठला? खळीचा. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ लावून घोटत. खळ म्हणजे पिष्ट, म्हणजे बुरशीचं आणि कसरीचं जेवण. शिवाय घट्ट गुंडाळीत आतली ओल लवकर सुटत नाही. आणि जुना, कडक झालेला कागद उन्हाळ्यात जोर लावून उलगडला की आडव्या भेगा पडतात.

मग करायचं काय?

गुंडाळी सैल ठेवा, शक्य असेल तर जाड नळीवर. सैल झालेली गुंडाळी टोक ओढून घट्ट करू नका. थरांमधली धूळ कागद घासते. पियानोवाल्यांनाही हेच सांगतात. धुतलेल्या सुती कापडात बांधा, प्लास्टिकमध्ये नको. ट्रंक भिंतीपासून लांब, पाटावर ठेवा. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी सावलीत उघडा, उन्हात नाही. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको: दोन्ही पुढे कागदाला इजा न करता काढता येत नाहीत. काजळीची शाई उजेडात उडत नाही, पण पाण्याने पसरते. त्यामुळे ओलं फडकं लांबच ठेवा.

गुंडाळी उलगडत नसेल तर हट्ट करू नका, जाणकाराला दाखवा. उलगडत असेल तर आधी फोटो काढून ठेवा. घरच्या अशा कागदाची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते.