गेम इंजिन बदलताना : आवड म्हणून शैक्षणिक गेम बनवणाऱ्यांसाठी



आपल्या जळकोटसारख्या तालुक्यातही शाळा सुटल्यावर लॅपटॉपवर पाढ्यांचा किंवा जोडाक्षरांचा छोटा गेम बनवता येतो. त्यासाठी लागतं गेम इंजिन. चित्र हलवणं, आवाज वाजवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं ही तयार कामं जे सॉफ्टवेअर करून देतं, ते इंजिन. पण ते मधेच बदलायची वेळ आली तर?

इंजिन का बदलावं लागतं?

३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि त्यावर बनवलेले कितीतरी ई-पाठ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. पुढे १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटी कंपनीने गेमच्या इन्स्टॉलवर शुल्क जाहीर केलं. दोन लाख डॉलर कमाई आणि दोन लाख इन्स्टॉल ही दोन्ही झाल्याशिवाय ते लागणार नव्हतं, म्हणजे शिक्षकाला त्याची झळ नव्हतीच. वर्षभराने कंपनीने ते रद्दही केलं. पण नियम अचानक बदलू शकतात हे दिसलं, आणि अनेक हौशी मंडळी गोडो या इंजिनकडे वळली. गोडो मोफत आहे. त्याचा कोड २०१४ पासून सर्वांसाठी खुला आहे. गेमसोबत परवान्याचा मजकूर द्यायचा, एवढीच अट.

मराठीची खरी अडचण

'विद्यार्थी' हा शब्द घ्या. संगणक आधी 'व' साठवतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पण दाखवताना वेलांटी 'व'च्या आधी यायला हवी, द आणि य जोडले जायला हवेत, रफार 'थी'वर चढायला हवा. ही जुळवाजुळव इंजिनला जमली नाही तर वेलांटी चुकीच्या जागी जाते, हलन्त उघडा पडतो. वाचायला शिकणाऱ्या पोरांसमोर असं अक्षर ठेवणं म्हणजे चुकीचं शिकवणंच की! युनिटीच्या नेहमीच्या मजकूर-साधनात ही अडचण बराच काळ होती. जुन्या गोडो ३ मध्येही होती. १ मार्च २०२३ ला आलेल्या गोडो ४ मध्ये मात्र ही जुळणी आली. म्हणून कुठलंही इंजिन निवडताना आधी 'विद्यार्थी', 'क्षत्रिय', 'दुर्मिळ' असे शब्द पडद्यावर आणून बघा.

सोबत काय येतं, काय राहतं?

चित्रं, आवाज, प्रश्न आणि खेळाची कल्पना सोबत येते. कोड मात्र बहुतेक नव्याने लिहावा लागतो. युनिटीत सी-शार्प भाषा, तर गोडोत मुख्यतः जीडीस्क्रिप्ट, जी दिसायला पायथॉनसारखी आहे. सवय व्हायला वेळ लागतो, पण खेळ कसा चालतो हा विचार तोच राहतो.

आजच करण्याच्या तीन गोष्टी

१. प्रश्न-उत्तरं कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवा.
२. मूळ चित्रं आणि आवाज यांची पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा.
३. मोठा गेम हलवण्याआधी एका पाढ्याचा छोटा गेम नव्या इंजिनात करून बघा. तो शाळेतल्या जुन्या मोबाईलवर चालला, तरच पुढे जा.

ट्रॅक्टर बदलला तरी बियाणं आपलंच असतं. आपला पाठ हे आपलं बियाणं, ते जपून ठेवा.