तळ्याचा हंगाम आणि अनुदानाचा हप्ता

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरहून कोणत्याही दिशेला निघा, थोड्याच वेळात धानाच्या बांध्या लागतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला एखादी बोडी किंवा तलाव दिसतो. पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले अनेक गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढण्याची, पाळ राखण्याची जुनी घडी विस्कटली. पुढे उथळ पाण्यात बेशरम हे तण माजले, पाणवनस्पती हटल्या, देशी मासे कमी झाले.

हे मासे परत कसे आणायचे, हा अस्सल संशोधनाचा प्रश्न आहे. वनस्पती ओळखणारा अभ्यासक लागतो, मत्स्यशास्त्रज्ञ लागतो, पण कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो हे मासेमारी करणाऱ्या ढिवरांना माहीत असते. तलावाचा ठेका त्यांच्या सहकारी संस्थेकडे, सिंचनाचा हक्क शेतकऱ्यांकडे, मालकी शासनाकडे. एवढ्या जणांना एका कामावर आणण्यासाठी सरकार जो पैसा देते, ते सहयोगी संशोधनाचे अनुदान.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने अशा एकत्र कामाची वाट अनेक वर्षे चालून दाखवली आहे. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा भाग नांगरायचा, बेशरम मुळासकट काढायची, देशी पाणवनस्पती लावायच्या, मग स्थानिक मासे वाढू द्यायचे. गवत्या माशासारखी बाहेरची जात सोडली तर ती लावलेल्या वनस्पतीच फस्त करते, म्हणून तलावात काय सोडायचे नाही हेही ठरवावे लागते. ही माहिती प्रयोगशाळेत बसून मिळाली नसती. ढिवर स्त्री-पुरुष या कामात मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून उभे राहिले. मला या सगळ्या प्रयत्नातली ही बाब सर्वांत मोलाची वाटते.

राज्य सरकारनेही अशा कामाला पैसा दिला आहे. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून २०१४ ते २०१९ या काळात महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाचा पहिला टप्पा झाला. पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था, बाएफ ही स्वयंसेवी संस्था आणि अनेक स्थानिक संस्था त्यात एकत्र आल्या. त्या अनुभवावर एप्रिल २०२२मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली. त्याच्या सात विषयांत गोड्या पाण्यातली जैवविविधता हा एक विषय आहे. तलावांच्या या गोंदिया जिल्ह्याचा त्यावर हक्क पहिला.

पैसा मंजूर झाला म्हणजे तो हातात आला, असे मात्र होत नाही. प्रस्तावात एक मुख्य संशोधक, काही सहसंशोधक. यंत्रसामग्रीचा खर्च वेगळा, मानधन, प्रवास आणि साहित्याचा वेगळा. रक्कम हप्त्याने येते. पुढचा हप्ता मिळण्याआधी मागच्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. जनतेचा पैसा आहे, हिशेब हवाच. पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि तलावाचे खरे काम एप्रिल-मेमध्ये असते. नेमक्या त्या दिवसांत मागचे हिशेब चाललेले असतात. हप्ता पावसाळ्यानंतर आला, तर तलाव तुडुंब भरलेला, नांगरायला जागा नाही, माशांचा विणीचा हंगामही गेलेला. कागदावर चार महिन्यांचा उशीर, तलावावर पूर्ण वर्ष बुडाले. त्या उन्हाळ्याची मजुरी ज्या घरात यायची होती, तिथे ती येत नाही.

दुसरी अडचण प्रवेशाची आहे. २०२३च्या कायद्याने केंद्रात अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे नियोजन आहे, त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, उद्योग आणि दानशूर संस्थांकडून येणे अपेक्षित आहे. त्याच्या ‘पेअर’ योजनेत नावाजलेली संस्था केंद्रस्थानी असते आणि तिच्याशी इतर विद्यापीठे जोडली जातात. कल्पना चांगली आहे. मात्र गोंदियात स्वतंत्र विद्यापीठ नाही. इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि ढिवरांची सहकारी संस्था तर या रचनेत कुठेच बसत नाही.

अशांना रचनेत बसवता येते. युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन-निधी कार्यक्रमातल्या बहुतेक सहयोगी प्रकल्पांत किमान तीन देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात. तिथल्या शेतीविषयक अनेक योजनांत शेतकऱ्यांसारख्या प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना प्रकल्पात घेणे बंधनकारक आहे, तेही प्रश्न ठरवण्यापासून. आपल्याकडे हा नियम आणायला परदेशी पैसा लागत नाही.

आधार आपल्याच कायद्यात आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिने लोकजैवविविधता नोंदवही राखायला हवी. ही नोंदवही नीट भरलेली असेल, तर संशोधनाच्या प्रस्तावाला लागणारी पहिली माहिती गावातच तयार असते. गोंदियातल्या प्राध्यापकांनी पुढचा प्रस्ताव लिहिण्याआधी ती मागवून वाचावी, जवळच्या मत्स्य सहकारी संस्थेत जाऊन बसावे आणि अंदाजपत्रकात जाणकार ढिवरांच्या मानधनाची ओळ सहसंशोधकांच्या शेजारी लिहावी. आणि मंजुरी देणाऱ्यांनी तलावाच्या कामाचा हप्ता मार्च संपण्याआधी सोडावा.